खिडकीजवळची खुर्ची आणि सहावी फेरी

तीर्थस्वरूप दाजींस,

उजव्या पायावर साष्टांग नमस्कार. (तुमच्या डाव्या गुडघ्याला धक्का लागू नये म्हणून तूर्त एकाच पायाला केला आहे. डावा बरा झाला की त्याचाही पाठवीन.) इकडे आम्ही सर्व ठीक. हिची कंबर, माझे दात आणि गच्चीवरची पाण्याची टाकी, तिन्ही अधूनमधून कुरकुरतात, पण चाललंय. तुमची खुशाली तुमच्या पत्रांतून समजते, म्हणजे समजत नाही. "मी मजेत आहे" एवढंच एक वाक्य, खाली सही. दाजी, उभी हयात टपाल खात्यात घालवलेल्या माणसानं असं पत्र पाठवावं? भाची कशी आहे, तिच्या इमारतीची लिफ्ट चालते की नुसतीच दिसते, तुम्ही सकाळी फिरायला जाता की गॅलरीतल्या गॅलरीत येरझाऱ्या घालता, गोळ्या गिळता की भाचीची पाठ वळली की कुंडीत टाकता, यातलं काही म्हणजे काही कळत नाही. कुंडीतलं झाड एकदम जोरात वाढलं असेल तर भाचीला कळवावं लागेल, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

ताई गेली त्याला आता दीड वर्ष होत आलं. मग भाची आली, तुमचं सामान दोन बॅगांत भरलं आणि तुम्हाला घेऊन गेली. एकट्या माणसानं रिकाम्या घरात कशाला राहायचं, लेकीचं घर हक्काचं आहे, असं तेव्हा सगळेच म्हणाले. मीही म्हणालो. (म्हणायला काय जातं? मी तर बस सुटताना हातही हलवला होता.) पण तुम्ही गेलात आणि इकडे जो घोटाळा सुरू झाला तो आता माझ्या हाताबाहेर गेला आहे, म्हणून हे पत्र. नाहीतर तुमच्या आठवणीनं वगैरे लिहितोय असा गैरसमज नसावा.

घोटाळा समजायचा तर गवंडी आणि पोस्टमन यांच्या बॉक्सिंगच्या दुसऱ्या लढतीपासून सुरुवात करायला हवी. तुम्ही म्हणाल, ती मला माहीत आहे. माहीत आहे, पण चुकीची माहीत आहे, म्हणून पुन्हा लिहितो. पहिल्या लढतीत गवंड्यानं पोस्टमनला रिंगभर फिरवला, तरी पंचांनी गुणांवर पोस्टमनला विजयी केलं. तीन पंचांपैकी एक पोस्टमास्तरांचा साडू होता, हे मी आजवर अनेकदा बोललो आहे आणि तुम्ही प्रत्येक वेळी "साडू असला म्हणून काय आंधळा होतो का" असं उत्तर दिलं आहे. असो. (माझे दोन साडू आहेत. आंधळेपणाबद्दल मला विचारा.) गावात बोंबाबोंब झाली, गवंड्यांनी कामं बंद ठेवली, अर्धवट भिंती तशाच उभ्या राहिल्या, आणि शेवटी दुसरी लढत ठरली. जागा म्हणजे ते धान्याचं रिकामं गोदाम. रिंग उभारायचं काम सुताराला दिलं. तो बिचारा कोणत्याच पक्षाचा नव्हता, त्यामुळे त्यानं दोन्ही पक्षांवर सारखाच अन्याय केला. पिंपांवर फळ्या टाकल्या, वर सतरंजी अंथरली, आणि फळ्या कुठून आणल्या ते कोणाला सांगितलं नाही.

काय ती गर्दी! मी मागे पोत्यांच्या थप्पीवर चढलो होतो, तुम्ही त्याच बाजूला खिडकीत. आपली तेव्हा ओळखही नव्हती, पण एक किडकिडीत मनुष्य खिडकीचे गज धरून माकडासारखा ओरडतोय हे मी पाहून ठेवलं होतं. रिंगच्या पलीकडे, आपल्या समोरच्या बाजूला, पुढचे दोन बाक बायकांसाठी राखून ठेवले होते. तिथे ताई होती आणि तिच्या शेजारी, समोरच्या घरात राहणारी तिची मैत्रीण, म्हणजे आमची ही. दोघी शेंगदाणे खात होत्या. तेव्हा ही माझी कोणी नव्हती, म्हणून मी तिकडे फारसं पाहिलं नाही. (फारसं.) पाच फेऱ्या झाल्या. सहाव्या फेरीत गवंड्याचा एक ठोसा पोस्टमनच्या बरगडीत बसला, पोस्टमन मागे सरला, त्याचे हात खाली आले, गुडघे वाकले, आणि गवंड्यानं तो त्याचा डावा हात मागे घेतला. पुढं काय होणार हे गोदामातल्या उंदरांनाही कळलं होतं. आणि नेमकी त्याच क्षणी फळी मोडली! दोघंही जोडीनं खाली गेले. सतरंजी त्यांच्यामागोमाग गेली. वर फक्त चार दोऱ्या, तोंडात शिट्टी धरलेले पंच आणि धुरळा राहिला. दोघांना पिंपांच्या मधून ओढून काढलं तेव्हा ते एकमेकांच्या गळ्यात हात टाकून हसत होते, आणि निकाल जो राहिला तो राहिलाच.

प्रश्न इतकाच, की हात खाली आले तेव्हा पोस्टमन दमला होता की दमल्याचं सोंग करत होता? दमला असेल तर पुढच्याच ठोशात खेळ खल्लास. सोंग असेल तर गवंडी पुढं झेपावणार आणि पोस्टमन त्याला खालून उचलणार. पोस्टमनची पाठ आपल्याकडे होती, चेहरा तुम्हालाही दिसत नव्हता आणि मलाही. तुम्ही त्याच्या पायांवरून सांगता, मी खांद्यांवरून. तुमचं म्हणणं, पिशवी खांद्याला लावून दिवसभर जिने चढणारा माणूस सहाव्या फेरीत दमेल कसा? माझं म्हणणं, दिवसभर जिने चढून आला होता म्हणूनच दमला. (गवंड्यानं त्या दिवशी सुट्टी घेतली होती. पोस्टमनला खात्यानं दिली नाही. हे तुमचंच खातं.) यावर तुम्ही म्हणता, चष्मे विकणाऱ्याला स्वतःला दिसत नाही ते असं. दाजी, हा टोमणा तुम्ही पहिल्यांदा मारला तो लढतीनंतर दोनच दिवसांनी, माझ्याच दुकानात, खिडकीतून उडी मारताना मोडलेली चष्म्याची काडी बसवून घ्यायला आला होतात तेव्हा. माझ्या दुकानात येऊन, माझ्या काउंटरवर हात आपटून, माझा डबा घेऊन आलेल्या माझ्या बहिणीसमोर! मला उत्तर सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा सुचलं नाही. आणि ताईनं घरी जाऊन जाहीर केलं, की माझ्या भावाला गप्प बसवणारा माणूस जगात एक तरी आहे, मी त्याच्याशीच लग्न करीन. तेव्हा तुमचा संसार हा गवंड्याच्या डाव्या हातामुळे झाला, हे विसरू नका.

त्या लढतीपासून आपल्या सलूनमधला रिवाज सुरू झाला. दाराजवळची खुर्ची गवंडी पक्षाची, खिडकीजवळची पोस्टमन पक्षाची. कोणी ठरवलं नाही, पाटी लावली नाही, पण पक्कं झालं. दुसऱ्या पक्षाची खुर्ची रिकामी पडलेली असली, तरी माणूस आपल्या खुर्चीसाठी तासभर जुनी मासिकं चाळत बसायचा. नवरदेव असला तरी तेच. तुमच्या पक्षाचा तो कंपाउंडर स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचला होता, कारण खिडकीजवळ गर्दी होती! आपण दोघं दर रविवारी शेजारी शेजारी, तोंडाला साबण, मान मागे, आणि आरशातल्या आरशात भांडण. थोरला न्हावी वस्तरा उचलून धरायचा आणि म्हणायचा, आधी तुमची सहावी फेरी संपवा, मग मी गालाला हात लावतो, मला पोलिसांत जायचं नाही. तिथून निघालं की तुमच्या घरी. ताई चहा घेऊन बाहेर यायची, कप ठेवायची आणि विचारायची, "लागला का निकाल?" आपण दोघं एकदमच म्हणायचो, नाही. मग ती हसून आत जायची.

ते हसू मला अजून दिसतं, दाजी. शेवटच्या दिवसांत ती अंथरुणाला खिळली तेव्हा आपण तिला त्रास नको म्हणून दबक्या आवाजात भांडत होतो, आणि तिनं आतून ओरडून सांगितलं की मोठ्यानं बोला, मला ऐकू येत नाही. चहा करायला ही होती, पण विचारलं तिनंच, उशीवरून. "लागला का निकाल?" आपण नाही म्हणालो. तिला किती बरं वाटलं होतं! तेव्हा मला कळलं नाही की न लागलेल्या निकालाचं एवढं काय समाधान. अजूनही नीटसं कळलेलं नाही. असो.

तर तुम्ही गेलात, आणि पहिल्याच रविवारी माझ्या लक्षात आलं की भांडायला कोणी नाही. मी हार मानली नाही. आधी जावईबापूंना धरलं. त्यांना सहा फेऱ्या करून दाखवल्या, फळी मोडल्याच्या जागी स्टुलावरून खालीही बसलो. (बसलो म्हणजे मुद्दाम बसलो. ही सांगेल की पडलो, तिचं ऐकू नका.) सगळं ऐकून ते म्हणाले, "बरोबर आहे बाबा, पोस्टमन दमलाच होता." अहो, एवढ्यात? काही प्रश्न नाही, शंका नाही, साडूबद्दल चौकशी नाही! मी म्हणालो, पण जिने चढायची सवय होती हो त्याला. तर म्हणाले, तेही बरोबर आहे. असा जावई मिळाल्याबद्दल लोक माझा हेवा करतात. त्यांना म्हणावं, रविवारी सकाळी या आणि घेऊन जा. पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन्ही खेळाडूंची वजनं, उंची, वय, धंदा असं सगळं माझ्याकडून विचारून कॉम्प्युटरला घातलं. कॉम्प्युटरनं बराच विचार करून सांगितलं, की दोघांचीही जिंकण्याची शक्यता निम्मी निम्मी. एवढ्यासाठी वीज जाळली. मग आमच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी माझं ब्लडप्रेशर तपासलं. मग वरच्या मजल्यावर आलेला, व्यायामशाळेत शिकवणारा भाडेकरू पकडला. तो म्हणाला, व्हिडिओ दाखवा. मी म्हणालो, व्हिडिओ असता तर तुझ्याकडे कशाला आलो असतो? घरात हिला विचारण्यात अर्थच नाही. हिला बॉक्सिंगमधलं काय कळतं? ती लढतीला गेली होती ती शेंगदाणे खायला. मी विषय काढला की ही तोंडाला पदर लावून आत जाते. कंटाळली असणार.

सलूनमध्ये तर त्याहून वाईट. खिडकीजवळचा तुमचा पक्ष पार ओसाड पडला आहे. कंपाउंडर मुलाकडे गेला, शाळेतले शिपाई वारले, आणि उरलेल्या दोघांना टक्कल पडलं. आमच्या पक्षाचे टेलर, कंडक्टर आणि मी असे तिघं शिल्लक आहोत. तिघंही दर रविवारी जमतो, एकमेकांना सांगतो की गवंडीच जिंकला असता, तिघंही माना डोलावतो, आणि पाच मिनिटांत विषय संपतो. पुढं काय बोलायचं? टेलर काजांबद्दल बोलतो. कंडक्टर तर बोलतच नाही, त्यानं नोकरीत जन्माचं बोलून घेतलं आहे. अशातच गेल्या महिन्यात धाकट्या न्हाव्यानं (थोरल्याचा मुलगा, आता तोच थोरला आहे, पण आपल्यासाठी धाकटाच) सांगितलं, की खिडकीजवळची खुर्ची काढून टाकतो, कोणी बसत नाही, नुसती धूळ खाते, तिथे डोकं धुवायचं नवं बेसिन बसवतो. ती तुमची खुर्ची! तिच्या डाव्या हातावरचं रेक्झिन तुम्ही भांडताना नखांनी उकरून उकरून उडवलं आहे, आतला काथ्या दिसतो. मी म्हणालो, थांब, बसतं की कोणीतरी. तो म्हणाला, कोण बसतं? आणि दाजी, मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी उठलो, दोन पावलं चाललो आणि तुमच्या खुर्चीत जाऊन बसलो.

टेलरच्या हातातलं मासिक गळून पडलं. कंडक्टर बोलला. (काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही.) दोघांनी मला फितूर ठरवलं, एवढ्या वर्षांची मैत्री कुठं गेली म्हणाले, आणि टेलरनं तर माझा शिवायला टाकलेला लेंगा परत न्यायला सांगितलं, अर्धवट, एका पायाचा. आता मला सांगता आलं असतं की बाबांनो, मी मनानं दारातच आहे, फक्त खुर्ची वाचवायला बसलोय. पण टेलर बोलता बोलता म्हणाला की पोस्टमन पक्षात जायला अक्कल गहाण ठेवावी लागते. ते मला झोंबलं. तुम्हाला मी काहीही बोलेन, तो माझा हक्क आहे, तुम्ही माझ्या बहिणीचा नवरा आहात. टेलरचा काय संबंध? मी मान मागे टेकली आणि आरशात बघून सुरू झालो. जिने, पिशवी, पायांची सवय, तुमचे सगळे मुद्दे एकामागून एक काढले. तुमचा तो गुडघ्यांचा मुद्दाही काढला, की खरोखर दमलेल्या माणसाचे गुडघे आत वळतात आणि पोस्टमनचे सरळ पुढं वाकले होते. मी तो आजवर हसण्यावारी नेला होता, पण स्वतःच्या तोंडून ऐकला तेव्हा बरा वाटला. काउंटरवर हात आपटायची तुमची लकब आहे ना, तीसुद्धा केली. धाकट्याचा पावडरचा डबा उलटा झाला. आणि काय सांगू, मी जिंकलो! टेलर गप्प, कंडक्टर पूर्ववत गप्प.

इथवर ठीक होतं. पण पुढच्या रविवारी गेलो तर काय, टेलर खिडकीजवळच्या खुर्चीत! म्हणाला, रात्रभर विचार केला, तुझं पटलं, सोंगच होतं. त्याच्यामागे नंबर लावून कंडक्टर. मी अहो अहो करतोय तोवर धाकट्यानं दाराजवळची खुर्ची पुसली, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, बरं झालं, मग ही काढतो, बेसिनला दाराजवळ जागाही ऐसपैस आहे. माझी खुर्ची! आता मी दारात बसायचं तर भांडणार कोणाशी? टेलरशी? तो उद्या पुन्हा इकडे येईल, त्याला काय, मी बोललो की त्याला पटतं. आणि खिडकीत बसायचं तर मी कायमचा पोस्टमनचा झालो. दाजी, या वयात माझी ही अशी गत झाली आहे. गेले तीन रविवार मी बाकावर बसूनच घरी परततो. दाढी वाढली आहे. आरशात मला आमचे काका दिसतात.

शेवटी मी गवंड्याकडेच गेलो. तो आता फार थकला आहे. सुनेनं अंगणात स्टूल टाकून दिलं आहे, तिथं बसून समोरच्या बांधकामावरच्या पोरांना भिंत वाकडी आहे म्हणून ओरडत असतो. (भिंत सरळ असते. मी पाहिली.) एरवी त्याला लढतीचं विचारलं की फळी कच्ची होती एवढंच म्हणतो, आणि पोस्टमन होता तोवर पोस्टमनही विचारणाऱ्याला तुमचं पत्र आलं की आणून देतो म्हणून पुढं निघायचा. यावेळी मी त्याला म्हणालो, तुमच्या बाजूचा विजय आता जवळजवळ एकमतानं आहे, म्हणजे होता, मीच जरा घोळ घातला, पण तो निस्तरीन. त्यानं ते ऐकलंच नाही. त्यानं विचारलं, तुमचे दाजी कुठे आहेत? मी म्हणालो, लेकीकडे, मजेत आहेत. त्यानं स्वतःच्या हातांच्या तळव्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "पोस्टमन तर गेला. त्याच्या बाजूनं बोलणारे तेवढे तुमचे दाजीच. ते भांडत होते तोवर मला वाटायचं, आम्ही दोघं अजून रिंगणात उभे आहोत." सुनेनं पाणी आणलं, ते प्यायलो आणि घरी आलो. येताना तुमच्या बंद घरावरून आलो. खिडकीच्या गजांवर कोणीतरी टॉवेल वाळत घातला होता, शेजारचे असतील, मी काढून त्यांच्या दारात ठेवला.

बाकी विशेष काही नाही. भाचीला माझे आणि हिचे अनेक आशीर्वाद, तिच्या मिस्टरांना नमस्कार, कुंडीला पाणी. गुडघ्याला शेक घ्या, थंड फरशीवर अनवाणी हिंडू नका. आम्हा सर्वांचं इथे छान चाललं आहे, तेव्हा आमची काळजी नको.

तुमचा मेहुणा,
(पक्ष: सध्या बाकावर)

ता. क. धाकट्यानं येत्या रविवारपर्यंतची मुदत दिली आहे. दोन्ही खुर्च्यांत माणसं दिसली तर बेसिन बसवणार नाही म्हणाला. तेव्हा सहज जमलं तर शनिवारच्या गाडीनं यावं. परतीचं तिकीट काढू नये, उगाच हेलपाटा. मागची खोली रिकामी केली आहे. पंखा दुरुस्त केला. जिना चढावा लागत नाही.

ता. क. २. येण्यासाठी लालूच म्हणून नव्हे, पण लेखी कळवतो, की पोस्टमन सोंग करत होता. तुम्ही बरोबर, मी चूक. गुडघ्यांच्या मुद्द्यानं माझं मतपरिवर्तन झालं आहे.

ता. क. ३. वरची ता. क. वाचून जिंकल्याच्या आनंदात तिकडेच बसून राहाल, म्हणून ती रद्द. पोस्टमन दमला होता! इतका दमला होता की फळी मोडली नसती तरी तो आपणहून खाली बसला असता. हिंमत असेल तर समोर येऊन बोला.

ता. क. ४. "मी मजेत आहे" हे तुमचं वाक्य मी टेबलावर पसरून, सगळी पत्रं शेजारी शेजारी ठेवून नीट पाहिलं. सोंग कोण करतंय ते मला कळतं, दाजी. चष्मे विकले म्हणून काय झालं? आणि माझं विचाराल तर मी खरंच दमलोय. आता लवकर या.

भावोजींना नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं आहे, म्हणून खाली थोडी जागा होती तिथे लिहिते. पोस्टमन दमला नव्हता. वन्सं आणि मी पहिल्या बाकावर होतो, त्याचं तोंड आमच्याकडे होतं. हात खाली टाकले आणि आम्हा दोघींकडे बघून त्यानं डोळा मिचकावला. पुढं काय झालं असतं देव जाणे, पण हसू आवरता आवरता मला शेंगदाण्याचा ठसका लागला होता. तुम्हाला आणि यांना हे सांगायचं नाही, असं आम्ही दोघींनी तेव्हाच ठरवलं. सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी रविवारी केलं काय असतं? म्हणून वन्सं आयुष्यभर चहा आणून विचारत राहिल्या आणि मी आत पदर तोंडात कोंबून हसत राहिले. आताही यांना सांगू नका. यांना घरातच विरोधक सापडला, तर तुम्हाला बोलवायला काही कारण उरणार नाही, आणि कारण नसताना बोलवायचं यांना जमत नाही. शनिवारी या. रविवारी चहा मी बाहेर आणीन, आणि विचारीनही मीच.

तुमची वहिनी